एका तोंडाची बाव, दोन तोंडांची खाण

रत्नागिरीत 'खाण' म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती चिरेखाण. सड्यावर यंत्रानं आखून कापलेला चौकोनी खड्डा, तांबडी धूळ, एका बाजूला रचून ठेवलेले जांभ्याचे चिरे आणि वर उघडं आभाळ. इथे धूळ आहे, उन्हाचा तडाखा आहे, पण विषारी वायूची भीती नाही, कारण या खाणीला छप्परच नाही. जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या खाणीही अशाच उघड्या. दिवा लावून, डोक्यावर टोपी चढवून जमिनीच्या पोटात शिरायचं, ही खाण आपल्याला परकीच.

पण जमिनीच्या पोटात शिरायची वेळ आपल्याकडेही येते, आणि तीही घरामागच्या आगरात. बाव उपसायला. वैशाखात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा बेत ठरतो. चार माणसं जमतात, एकजण दोराला धरून खाली उतरतो, वरचे तिघे घमेली ओढतात. बहुतेक वेळा दुपारच्या जेवणापर्यंत काम आटोपतंही. कधीतरी मात्र उतरलेला माणूस हाकेला ओ देत नाही. 'भोवळ आली असेल' म्हणून दुसरा उतरतो. तोही गप्प होतो. मग तिसरा. अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा क्वचितच एक असतो, आणि मागून उतरलेला बहुधा पहिल्याचा भाऊ, मुलगा नाहीतर शेजारी असतो.

गावात मग चर्चा होते ती 'बावीत वायू झाला होता' अशी. शब्द बरोबर आहे, पण अर्धाच. बावीत वायू 'होतो' हे जितकं खरं, तितकंच तिथली चांगली हवा संपते हेही खरं, आणि संपलेल्या जागी नवी हवा येत नाही हे सगळ्यांत महत्त्वाचं. कोळशाच्या खाणीत शेकडो माणसं तीन पाळ्यांत काम करून जिवंत वर येतात आणि चाळीस फुटी बावीत एक माणूस पंधरा मिनिटांत मरतो, यामागचं कोडं या तिसऱ्या गोष्टीत आहे.

आपण श्वासात घेतो त्या हवेत जवळपास २१ टक्के प्राणवायू असतो. तो १६ टक्क्यांवर आला की धाप लागते, विचार मंदावतो. १० टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. ६ टक्क्यांच्या हवेत दोनचार श्वास घेतले तरी गुडघे मोडतात, आणि यातली फसवणूक अशी की गुदमरल्यासारखं काही वाटतच नाही. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला माहीत आहे, ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. प्राणवायू नुसता घटला, तर शरीर कसलीच हाकाटी करत नाही. म्हणून 'त्रास वाटला तर लगेच वर येईन' हे बावीत उतरणाऱ्याचं आश्वासन प्रामाणिक असलं तरी निरुपयोगी असतं.

तळाशी प्राणवायू खाणारे कोण? कुजणारा पालापाचोळा आणि गाळ हे नेहमीचे. रत्नागिरीत मात्र आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. आपल्या जांभ्याखाली काही ठिकाणी निळसर-काळ्या मातीचा थर आहे आणि त्यात लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे, पातळ पट्टे सापडतात. काळं पडलेलं लाकूड, जीवाश्म झालेली फळं, राळेचे खडे. एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी रत्नागिरीच्या विहिरी खणताना निघालेल्या मातीतूनच हे नोंदवून ठेवलं आहे. खाण काढण्याइतका कोळसा नाही, म्हणून विषय तिथेच राहिला. पण अशा मातीत सेंद्रिय द्रव्य असतं, लोहगंधकाचे कण असतात, आणि या दोघांनाही हवा लागली की ती हळूहळू प्राणवायू शोषत राहतात. कोळशाच्या खाणीत हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर चालते. तेव्हा रत्नागिरीत कोळशाची खाण नसली, तरी खोल गेलेली एखादी बाव त्या खाणीची लहान बहीण असू शकते.

आता हे सगळं वर्षभर चालत असताना माणसं मे महिन्यातच का मरतात? पाणी आटलं म्हणून माणूस तेव्हाच उतरतो, हे एक कारण. दुसरं कारण हवेच्या वजनात आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे बाहेरची हवा बावीतल्या हवेपेक्षा गार आणि म्हणून जड असते. ती आपोआप आत उतरते, आतली उबदार हवा वर येते. थंडीत सकाळी बावीतून वाफ निघताना दिसते ती याच येण्याजाण्याची खूण. मे महिन्यात गणित उलटं होतं. बाहेर पस्तीस अंश, तळाशी त्याहून कितीतरी गारवा. गार हवा जड, ती तळाशी बसून राहते आणि वरची गरम हवा तिच्यावर झाकणासारखी तरंगते. उन्हाळ्यात बाव श्वास घेत नाही म्हणा ना. त्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळ सोडायला तयार नसतो. भरीला पावसाळा जवळ आला की वातावरणाचा दाब उतरतो, आणि मातीच्या फटींत, भेगांत अडकलेला वायू बाहेर झिरपायला लागतो. खाणवाल्यांना ही दाबाची गोष्ट इतकी पक्की ठाऊक आहे की वायूच्या खाणींच्या तोंडाशी वायुभारमापक टांगण्याचा नियम फार जुना आहे. दाब पडला की आत गेलेल्यांनी सावध व्हायचं.

आमच्या आजोबांच्या पिढीचा नियम होता की उतरण्याआधी पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. मग आंब्याची नाहीतर ऐनाची मोठी पालेदार फांदी दोराला बांधायची आणि अर्धा तास खालीवर घुसळायची, वरून पाण्याच्या कळशा ओतायच्या, पुन्हा कंदील सोडायचा. ज्योत साधारण १६-१७ टक्के प्राणवायूला विझते, म्हणजे माणूस कोसळण्याच्या बऱ्याच आधी. हे शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ते शास्त्रच होतं. त्याच्या दोन उणिवा मात्र सांगायला हव्यात. बावीत पेट घेणारा वायू असेल तर पेटता कंदील ही परीक्षा नसून काडी होते. आणि काही विषं अशी आहेत की ज्योत मजेत तेवत राहते आणि माणूस मरतो.

या पहिल्या उणिवेपायी युरोपातल्या खाणकामगारांनी शेकडो माणसं गमावली. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि पोरं मेली. त्यानंतर तिथल्या मंडळींनी हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला गाठलं आणि १८१५ मध्ये त्यानं असा दिवा केला की ज्याच्या ज्योतीभोवती काच नव्हे, धातूची बारीक जाळी होती. जाळीतून वायू आत शिरतो, आतल्या आत जळतो, पण ज्वाला बाहेर पडत नाही, कारण तारा तिची उष्णता शोषून घेतात आणि जाळीबाहेरचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. गॅसच्या ज्योतीवर बारीक तारेची जाळी आडवी धरली की ज्योत जाळीखालीच अडून राहते, वर चढत नाही, तत्त्व तेवढंच. याच सुमारास जॉर्ज स्टीफनसननं, पुढे रेल्वे इंजिनामुळे गाजलेल्या त्याच माणसानं, स्वतंत्रपणे दिवा केला होता, आणि आधी कोण यावरून दोघांच्या चाहत्यांत बरीच हातघाई झाली. डेव्हीनं पेटंट घेतलं नाही, ही त्याच्या बाजूची चांगली गोष्ट.

या दिव्याची खरी कमाल पुढे कळली. तो नुसता सुरक्षित नव्हता, तो मोजायचाही. वात अगदी बारीक करून दिवा छताजवळ हळूच उचलायचा. हवेत मिथेन असेल तर ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी चढते. सव्वा टक्क्याला ती जेमतेम दिसते, तीन टक्क्यांना उंच त्रिकोण होतो. छताजवळ का? तर मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो वर जाऊन छताच्या खोबणीत थरासारखा बसतो. कार्बन डायऑक्साइडसाठी उलट, दिवा जमिनीलगत न्यायचा. अनुभवी माणूस टोपीची उंची पाहून टक्केवारी सांगे. तरीही दिवा आला म्हणून स्फोट थांबले नाहीत. दिवा हाती आल्यावर मालकांनी पूर्वी धोक्याच्या म्हणून सोडलेल्या वायूभरल्या थरांत माणसं पाठवली, आणि जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीबाहेर ढकलली जाते हेही लोकांना मरूनच कळलं. सुरक्षेचं साधन मिळालं की माणूस आणखी पुढे पाऊल टाकतो, ही खोड केवळ खाणमालकांची नाही.

मिथेन हा शब्द रत्नागिरीला परका नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलला, दाभोळच्या खाडीच्या मुखाशी, द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल आहे. जहाजातून तिथे जे उतरतं ते मुख्यतः मिथेनच, उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून सहाशेपट आकसवलेलं. खाणकामगार ज्याच्यापासून पळतो, ते वीजकेंद्राला पाइपातून हवं असतं. फरक फक्त प्रमाणाचा आणि वाटेचा आहे. हवेत मिथेन ५ टक्क्यांहून कमी असेल तर स्फोट होत नाही, १५ टक्क्यांहून जास्त असेल तरीही होत नाही. मधल्या पट्ट्यात, विशेषतः साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, एक ठिणगी पुरते. खाणीतली सगळी धडपड या पट्ट्याच्या खालच्या कडेपासून शक्य तितकं दूर राहण्याची.

भारतीय कोळसा खाणींचे नियम हे अंतर आकड्यांत बांधतात. कामाच्या विभागातून परतणाऱ्या हवेत पेटणारा वायू पाऊण टक्क्याहून अधिक नको. खाणीत कुठेही सव्वा टक्का झाला की वीज तोडायची आणि माणसं बाहेर काढायची. म्हणजे स्फोटाच्या सीमेच्या चौथ्या हिश्शावरच काम थांबतं. प्राणवायू १९ टक्क्यांहून कमी नको, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याहून जास्त नको. नियम कडक वाटतात, पण ते ज्या घटनांतून आले त्या आठवल्या की वाटत नाहीत. २८ मे १९६५ रोजी झारखंडातल्या, तेव्हाच्या बिहारातल्या, धोरीच्या खाणीत २६८ माणसं स्फोटात गेली. ६ सप्टेंबर २००६ रोजी धनबादजवळच्या भाटडीहमध्ये ५०. दुसरी तारीख तर सेन्सर आणि संगणकांच्या काळातली.

आता आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट, वाटेची. १६ जानेवारी १८६२ रोजी इंग्लंडमधल्याच हार्टली खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा प्रचंड लोखंडी दांडा मधोमध मोडला आणि त्याचा अर्धा भाग विहिरीसारख्या उभ्या चानकात कोसळला. भिंतीचे दगड, लाकडं घेऊन तो मध्येच अडकला. खाणीला ते एकच तोंड होतं. त्या अपघातात २०४ माणसं आणि मुलं गेली. स्फोट झाला नव्हता, पूरही आला नव्हता. खाली अडकलेल्यांपर्यंत पोचायला सहा दिवस लागले, तोवर ते सगळे वायूनं मेले होते. काही बापलेक एकमेकांना टेकून बसलेले सापडले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की खाणीला दोन वेगळी तोंडं असलीच पाहिजेत. आज आपल्याकडेही दोन तोंडांशिवाय माणसांना खाली उतरवता येत नाही, आणि ती एकमेकांपासून किमान साडेतेरा मीटर लांब हवीत, म्हणजे एका अपघातात दोन्ही बुजू नयेत.

दुसरं तोंड पळून जायला तर हवंच, पण खरा उपयोग रोजचा आहे. हवा एका तोंडानं आत जाते, दुसऱ्यानं बाहेर पडते. मधल्या सगळ्या गल्ल्यांतून तिला फिरवून आणलं की ती वाटेत भेटलेला वायू, धूळ, उष्णता आणि माणसांचा उच्छ्वास घेऊन निघून जाते. वायू 'काढून टाकायचा' म्हणजे दुसरं काही नाही. त्याला पकडत नाहीत, पातळ करून वाहून नेतात. बावीला हीच सोय नाही. तिला एकच तोंड, त्यामुळे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेला एकाच दारात धक्काबुक्की करावी लागते, आणि मे महिन्यात ती तेही करत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर-चंद्रपूरकडे जायला हवं. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणी तिथे आहेत. वरच्या उघड्या खाणींच्या महाकाय डंपरपुढे त्या आता किरकोळ वाटतात, पण तिथल्या कामगारांच्या बोलण्यात एक वेगळाच शब्दकोश ऐकू येतो. चानक, इनक्लाइन, डोली, आणि कोळसा काढून रिकामी केलेली जागा म्हणजे गोफ. पाळी सुरू होण्याआधीच्या दोन तासांत मायनिंग सरदार आपल्या विभागात एकटा फिरून येतो. छत ठोकून पाहतो, कोपऱ्यांत वायू तपासतो, मग वहीत नोंद करतो. त्यानं ठीक आहे म्हटल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. सरदार हा शब्द आपल्याला फौजेतला वाटतो, इथला सरदार हातात दिवा किंवा मीटर घेऊन सगळ्यांच्या आधी अंधारात जाणारा असतो.

खाणीच्या एका तोंडावर मोठा पंखा असतो. तो बहुधा हवा आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. आतल्या वाटा पडदे, भिंती आणि दुहेरी दारांनी अशा बांधलेल्या असतात की हवेला जवळची पळवाट मिळू नये. दोन दारं एकाच वेळी उघडणं हा तिथला मोठा गुन्हा, कारण तेवढ्यात सगळा वारा तिथूनच परत फिरतो आणि टोकाला कोळसा फोडणारे बिनहवेचे राहतात. हवा किती लागते? नियम सांगतो, माणशी मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या प्रत्येक टन कोळशामागे मिनिटाला अडीच घनमीटर, यातलं जे जास्त असेल ते. एका विभागात दीडशे माणसं आणि आठशे टन कोळसा धरा. माणसांच्या हिशेबानं ९०० घनमीटर, कोळशाच्या हिशेबानं २०००. म्हणजे पंखा माणसांच्या श्वासासाठी कमी आणि कोळशाच्या श्वासासाठी जास्त चालतो. आणि मिनिटाला समजा १० घनमीटर मिथेन सुटत असेल, तर तो पाऊण टक्क्याखाली ठेवायला तेराशेहून अधिक घनमीटर हवा लागेल. एवढ्यानंही भागत नसेल तर कोळशात आधीच भोकं पाडून मिथेन नळीनं वेगळा बाहेर काढतात.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा स्वभाव मात्र थोडा वेगळा आहे. मिथेनपेक्षा तो आपोआप तापण्यासाठी बदनाम आहे. गोफात उरलेला कोळशाचा चुरा हवेतला प्राणवायू घेतो, तापतो, तापला की जास्त प्राणवायू घेतो. ओल्या गवताची गंजी आतून पेटते तसंच. हे तापणं डोळ्यांना दिसायच्या आधी हवेत दिसतं, कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात. पण नुसता त्याचा आकडा फसवा, कारण पंखा जोरात असला की तो पातळ होऊन कमी दिसतो. म्हणून खाणवाले एक साधं गुणोत्तर काढतात. हवेतला प्राणवायू जितका घटला, त्याच्या तुलनेत मोनॉक्साइड किती टक्के तयार झाला? ताजी हवा मिसळली तर दोन्ही आकडे सारखेच पातळ होतात, गुणोत्तर टिकतं. साधारण अर्ध्याच्या आत असेल तर ठीक, एकच्या वर गेलं तर आत काहीतरी तापतंय, तीनच्या पुढे आग लागली समजा. त्याला ग्रॅहमचं गुणोत्तर म्हणतात. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते: शंभर मीटर ढिगाऱ्याआडची न दिसणारी आग, दोन आकड्यांच्या भागाकारातून ओळखलेली.

आग पक्की झाली की तो भाग भिंती बांधून कायमचा बंद करतात. आत मिथेन साठतो, प्राणवायू घटतो, आणि तो १२ टक्क्यांच्या खाली गेला की कितीही मिथेन असला तरी स्फोट होऊ शकत नाही. घाई असेल तर नायट्रोजन सोडून हे लवकर घडवतात. बावीत जी हवा माणूस मारते, तीच हवा बंद गोफात खाण वाचवते. धोका असतो तो मधल्या तासांचा, भिंत पुरी होत असताना आतली हवा त्या ५ ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यातून सरकते तेव्हाचा. अशा वेळी आत जाणारी तुकडी पाठीवर स्वतःचा प्राणवायू घेऊन जाते. अशा तुकड्यांचं नागपूरला स्वतंत्र बचाव केंद्र आहे.

कंदिलाची दुसरी उणीव राहिली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि ज्योतीला त्याचं काही देणंघेणं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं त्याला धरून ठेवतं. स्फोटानंतर खाणीत बरीच माणसं भाजून नव्हे तर या वायूनं मरतात, हे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात दाखवलं. हा गृहस्थ स्वतः वायू हुंगून आपली लक्षणं वहीत लिहीत असे. त्यानंच सुचवलं की लहान पाखरू माणसाच्या आधी कोसळतं, तेव्हा कॅनरी बरोबर न्यावी. पुढे असे पिंजरेही झाले ज्यांत पक्षी पडला की दार लावून त्याला प्राणवायू देऊन शुद्धीवर आणता येई. ब्रिटनमध्ये हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. आता त्यांची जागा मुठीएवढ्या यंत्रांनी घेतली आहे. मिथेनसाठी त्यात तापलेला मणी असतो: वायू त्याच्या पृष्ठभागावर जळतो, मणी आणखी तापतो, त्याचा विद्युत रोध बदलतो आणि पडद्यावर आकडा येतो. डेव्हीची निळी टोपीच ती, फक्त डोळ्यांऐवजी विजेनं वाचलेली. एक उणीव मात्र आहे. वायूला मण्यावर जळायला प्राणवायू लागतो, तो नसेल तर मिथेननं भरलेल्या जागीही यंत्र शून्य दाखवू शकतं. म्हणून एकच वायू मोजणारं यंत्र बावीत नेऊ नये. प्राणवायू, पेटणारा वायू, मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चारही मोजणारं हवं.

खाणीचं हे सगळं ज्ञान रत्नागिरीत एकदा आलं होतं, तेही रेल्वेच्या निमित्तानं. कोकण रेल्वेचा उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि कित्येक वर्षं तो देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. नातूवाडी, टिके, बेर्डेवाडी हे त्याच्या मागोमागचे, प्रत्येकी सुमारे चार किलोमीटरचे. सुरुंग लावून खणला जाणारा बोगदा दोन्ही टोकं भिडेपर्यंत आडवी बावच असतो. एकच तोंड, आणि प्रत्येक स्फोटानंतर आत मोनॉक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचा तपकिरी धूर. उपाय एकच, तोंडाशी पंखा आणि छताला टांगलेली जाड नळी, जी ताजी हवा थेट खोदकामाच्या टोकापर्यंत नेते. नळी टोकापासून लांब राहिली की उपयोग संपला. हवा मध्येच वळून परत येते. ज्या दिवशी दोन बाजूंचे खणणारे एकमेकांना भेटतात, त्या दिवशी बोगद्याला दुसरं तोंड फुटतं आणि वारा सुटतो. पुढे गाडी स्वतःच पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते. २०२२ पर्यंत डिझेल इंजिनं धावत होती, तेव्हा लांब बोगद्यात खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशांना धुराची चव आठवत असेल. विजेची इंजिनं आल्यावर ती गेली. कशेडी घाटाखालच्या महामार्गाच्या बोगद्यात मात्र डिझेलचे ट्रक आहेतच. तिथे छताला टांगलेले पंखे दिसतात, ते दुसरं काही करत नाहीत, हवेला एका दिशेनं चालतं ठेवतात.

धूर म्हटल्यावर बावीतल्या इंजिनाचं सांगितलं पाहिजे. पाणी खोल गेलं की पंपाचं डिझेल इंजिन पायऱ्यांवर किंवा मधल्या कट्ट्यावर उतरवून चालवणं, यासारखा दुसरा आत्मघात नाही. एकाच तोंडाच्या जागेत मोनॉक्साइडचा कारखाना लावल्यासारखं ते आहे, आणि कंदील इथे मुळीच इशारा देणार नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदरातल्या मच्छीमारांना याच जातीची आणखी एक जागा माहीत असते. बोटीतला मासळी ठेवायचा कप्पा. बर्फाचं पाणी आणि मासळीचा कचरा तळाशी राहिला, झाकण बंद राहिलं, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास पहिल्यांदा येतो. पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि 'वास गेला, हवा सुटली' असं समजून माणूस आत पाय घालतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, ते यासाठीच की गळती नाकाला कळावी. काही खाणींत धोक्याचा इशाराही याच वासानं देतात. घंटा ऐकू येणार नाही अशा आडवळणातही वारा जातोच, त्या वाऱ्यात दुर्गंध सोडला की पोचतो.

परवा मे महिन्यात आमच्या वाडीत बाव उपसायला घेतली, पुष्कळ वर्षांनी. मोटार विजेची, पाण्यात बुडणारी, त्यामुळे रहाट कधीच निघाला. रहाट होता तेव्हा दिवसातून शंभरदा कळशी खालीवर व्हायची आणि नकळत हवा घुसळली जायची. आता वर लोखंडी जाळी, तिच्यावर पालापाचोळा पडू नये म्हणून बारीक हिरवी जाळी, आणि खाली शांतता. कंदील कुणाच्याच घरात नव्हता. उतरायला तयार झालेला पंचविशीतला मुलगा मोबाइलचा दिवा खाली मारून म्हणाला, "काका, तळ दिसतोय की स्वच्छ."

मग आम्ही तालुक्याच्या गावातून भाड्यानं ब्लोअर आणला आणि त्याची नळी पार गाळाला टेकेपर्यंत सोडली, करबुड्यात सोडत तशी. तासभर चालवला. मुलाच्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक वरच्या तिघांनी धरलं. "हाक मारली नाही तर ओढायचं, उतरायचं नाही," हे तीनदा बजावलं. एका म्हाताऱ्या काकूंना या यंत्राचा भरवसा नव्हता. त्यांनी कुणाला न विचारता ऐनाची एक फांदी तोडून आणली होती आणि ती काठावर तशीच धरून उभ्या होत्या.